एरियलच्या नावापुढे

मिशनच्या शाळेतले ब्रदर ऑस्विन चार वाजता फाइल घेऊन प्रेसकडे निघणार होते. साडेतीन वाजून गेले होते. कॉम्प्युटर रूममध्ये प्रितम एकटाच बसून बारावीच्या इयरबुकमधली शेवटची दोन पानं टाइप करत होता. एक एरियल पेणकरचं, एक त्याचं स्वतःचं.

प्रत्येक मुलाला एक पान. फोटो, खाली ॲक्टिव्हिटीज, त्याखाली ॲम्बिशन. बहुतेकांच्या ॲक्टिव्हिटीज दोन-तीन ओळींत आटोपल्या होत्या. एरियलच्या नऊ ओळी झाल्या. फुटबॉलचा कॅप्टन. वादविवादात जिल्ह्यात दुसरा. विज्ञान प्रदर्शन. नाटक. वर्गात तो एकटाच ज्यू, तरी ख्रिसमसची गाणी म्हणणाऱ्या क्वायरमध्ये पहिल्या रांगेत. प्रितमने सगळं बिनचूक टाइप केलं. फुटबॉलच्या टीममध्ये तोही होता, गेली चार वर्षं बेंचवर. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

मग शेवटची ओळ आली. ॲम्बिशनपुढे एरियलने भरून दिलेल्या फॉर्मवर एकच शब्द लिहिला होता. पायलट.

प्रितम फॉर्मकडे बघत राहिला.

गेल्या महिन्यात तो वडिलांबरोबर मुंबईला मेडिकलसाठी गेला होता. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं एकेक करून समोर धरली आणि ठिपक्यांत कुठला आकडा दिसतो ते विचारलं. पहिल्या पानावरचा त्याने लगेच सांगितला. पुढच्या पानांवर त्याला नुसते ठिपके दिसले. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "लाल-हिरव्यात घोटाळा होतो तुझा. दुसरं काहीही कर बाळा, विमान सोडून." शाळेत हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने 'पायलट' टाइप केलं. मग खोडलं, आणि तिथे 'अनडिसायडेड' लिहिलं. छपाई झाल्यावर कोण विचारणार होतं? तीनशे प्रती निघणार होत्या. तीनशे घरांत एरियल पेणकरला पुढे काय व्हायचंय ते ठरलेलं नसणार होतं. प्रितमला बरं वाटलं. इतकं बरं, की त्याची त्यालाच भीती वाटली.

तेवढ्यात दार ढकलून एरियल आत आला.

"माझं झालं का रे?" असं म्हणत तो खुर्चीच्या मागे उभा राहिला आणि वाचू लागला. शेवटच्या ओळीवर थांबला.

"इथे पायलट होतं."

"चुकून झालं असेल."

"पायलटचं अनडिसायडेड चुकून कसं होईल?"

प्रितमने मान वळवली नाही. शाळेत तो जपून, शहरातल्या मुलांसारखं बोलायचा. आता घरची बोली तोंडातून निसटली. "माजं होतं ते. तुला सगळं हाय. नऊ ओळी हायेत. माजं एकच होतं."

एरियलला आधी काही कळेना. "मग तूही लिही ना. दोघांनी एकच लिहिलं तर बिघडलं कुठे? आपण दोघं मिळून—"

"मला नाय चालत." प्रितमने डोळ्यांकडे बोट दाखवलं. "लाल-हिरवं कळत नाय. मेडिकलला काढलं मला."

वरचा पंखा कुरकुरत होता. एरियलने शेजारची खुर्ची ओढली, पण बसला नाही, तिच्या पाठीला धरून उभा राहिला.

"आठवीत तू ग्राउंडवर झोपून विमानांची नावं सांगायचास," तो म्हणाला. "नुसत्या आवाजावरून. मला तुझा इतका राग यायचा. घरी जाऊन आईला सांगितलं, मीपण पायलट होणार. मला काहीच व्हायचं नव्हतं, प्रितम. हे फुटबॉल, नाटक, डिबेट... एकातही मन लागेना म्हणून दुसरं धरायचो. तुला मात्र माहीत होतं. तू बेंचवर बसूनसुद्धा खूश असायचास."

"म्हणून माजंच घेतलंस?"

"हो," एरियल म्हणाला. "आधी म्हणून घेतलं. आता मात्र खरंच हवंय."

त्याने नुसती माफी मागितली असती, तर प्रितमला सोपं गेलं असतं. इतकी वर्षं हा आपल्यावर जळत होता, हे ऐकून त्याला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट ते शेवटचं वाक्य काट्यासारखं आत रुतलं. ज्याला दुसऱ्याचं घेऊनही ते मनापासून आवडू लागतं, अशा माणसाचं काय करायचं?

बाहेर ब्रदर ऑस्विनच्या चपला वाजल्या. "प्रितम, इज इट रेडी?"

"दोन मिनिटं, ब्रदर."

एरियलने हात पुढे करून की-बोर्ड घेतला नाही. प्रितमने ओळ खोडली आणि पायलटचं स्पेलिंग एकेक अक्षर दाबून लिहिलं. मग स्वतःचं पान भरलं. दोन ओळी. ॲम्बिशनची जागा त्याने कोरी सोडली आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेतली.

ब्रदर आत आले, स्क्रीनवर नजर टाकून म्हणाले, "धिस वन इज ब्लँक, माय बॉय."

"असू द्या, ब्रदर."

ब्रदरनी त्याच्याकडे पाहिलं, मग एरियलकडे. पेन ड्राइव्ह खिशात टाकून ते निघून गेले.

प्रितम कॉम्प्युटर बंद करून उठला. दप्तर खांद्याला लावलं. दारापर्यंत जाऊन थांबला, पण वळला नाही.

"नव्या विमानतळासाठी आमचं गाव उठवलं. धावपट्टीखाली आमचं जुनं घर हाय," तो म्हणाला. "आजोबांनी बांधलेलं. उतरशील तेव्हा हळू टेकव."