मिचकणारा लाइट

"भैया, आजही नाही झाला का तो लाइट?"

कुमुदनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. मेथी निवडताना तिनं मान वर केली नाही.

"होऊन राहिला," रत्नाकर अंगणातून म्हणाला.

"चार दिवस झाले! आमच्या ह्यांनी तासात करून टाकलं असतं. त्यांच्या हातात जादू आहे."

रत्नाकरनं पक्कड उचलली. कुमुद असं बोलू लागली की त्याला त्या माणसाचा हेवा वाटे, आणि मग हेव्याचीच लाज वाटे. त्याला फार काही नको होतं. तिनं एकदा मान वर करावी, आपल्याकडे बघून ओळखीचं हसावं, बस.

कुमुदची मुलगी मीनल नुकतीच ऑफिसातून आली होती. तिनं चहाचा कप स्कूटरच्या सीटवर ठेवला.

"परवा तर नवीन बल्ब, नवीन वायर, सगळं बसलं होतं. पुन्हा काहून उघडलं? आपलं शहर राजधानी झालं आता, लाइटशिवाय पोलीस चौकातच अडवतात."

"परवा बरोबर बसलं होतं," रत्नाकर म्हणाला. "म्हणूनच उघडलं."

मीनलनं त्याच्याकडे पाहिलं, आणि ती आत गेली.

परवा लाइट लखलखीत लागला होता, हॉर्नही खणखणीत वाजला होता. तेव्हा कुमुद खिडकीतून म्हणाली होती, "आमच्या गाडीचा लाइट असा नव्हता, भैया. हॉर्न वाजला की तो मिचकायचा. गुढियारीच्या मालधक्क्यावरून काम आटपून हे आले की गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत, अन् इकडे माझ्या भिंतीवर उजेड डोळे मिचकावायचा. मी लगेच ताट घ्यायची."

"वायर चुकली होती ती," रत्नाकर म्हणाला होता.

"चुकली? ह्यांनी स्वतः जोडली होती!"

आता चष्मा नाकावर सरकवून रत्नाकर ती चूक शोधत होता. हॉर्नची वायर हेडलाइटच्या वायरीला जोडायची. पण कुठं? एकदा लाइट लागेचना. एकदा हॉर्न मुका झाला. बरोबर काम करणं सोपं असतं. जुनी चूक जशीच्या तशी पुन्हा करणं कठीण. हँडलखाली, दोन बोटं आत, त्यानं साल काढून तारा पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली.

दिवेलागण झाली. पुरानी बस्तीतल्या देवळांतून घंटा वाजू लागल्या. रत्नाकरनं दिव्याचं तोंड खिडकीकडे वळवलं, तिसऱ्या किकेला गाडी सुरू केली आणि हॉर्न दाबला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर उजेड मिचकला. एकदा. पुन्हा एकदा.

आत ताट मांडल्याचा आवाज झाला. केसांवरून हात फिरवत, पदर सावरत कुमुद दारात आली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिनं सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आणि हसली. रत्नाकर काळे हात पुसायचंही विसरला.

"भैया," ती म्हणाली, "तुम्ही निघा बरं आता. आमचे हे आले."

आणि त्याच्या खांद्यावरून ती गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली.

मीनलनं पुढं येऊन गाडी बंद केली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हात धुवा. आईनं तुमचं ताट वाढलंय."