टेडची सीट

मोटरसायकलचं इंजिन बसवलेली, घरी जोडलेली हलकी गाडी मला हवी होती, आणि माझा खिसाही हलकाच होता. पहिल्या दोन परवडल्या नाहीत. तिसरी नोरीनबाईंची. नवरा टेड गेला, गाडी थोडक्यासाठी अपुरी राहिली, म्हणून विकायला काढलेली. सगळं पसंत पडलं, फक्त सीटमध्ये मी मावेना. अशा गाड्यांत पिशवीत पातळ फोम ओतून त्यावर चालवणाऱ्यालाच बसवतात. फोम फुगतो आणि त्याच्या अंगाच्या आकारात घट्ट होतो.

"अर्धा तास हलू दिलं नव्हतं मी त्याला," बाई म्हणाल्या. "नुसता कुरकुरत होता!"

"मला नाही चालणार ही सीट. फेकून नवी करावी लागेल," मी घासाघीस सुरू केली.

"शंभर पौंड कमी दे. सीट तेवढी काढून ठेव."

मी खुशीत लगेच नट सोडवले, गाडी ढकलत बाहेर काढली. निरोप घ्यायला वळलो, तर बाई गॅरेजच्या फरशीवर, त्या सीटमध्ये टेकून बसल्या होत्या.

"सात वर्षं म्हणत होता, गाडी झाली की शेजारी बसवून समुद्रावर नेतो," त्या म्हणाल्या. "आता मांडीवरच बसते."