वैष्णवीची वहिनी

“बाई, मैत्रिणीनं दुसरीला सायकलवर डबलसीट नेलं की पोटात आग पडती, ह्याला औषध हाय का?” पोरींच्या पैजेपायी रंजनानं बारामतीहून कॉलेजात आलेल्या समुपदेशक बाईंना विचारलंच. वर्ग खिदळला, रंजनाच्या मैत्रिणीच्या, वैष्णवीच्या सायकलवर मिरवणारी निकिता तर हसत वैष्णवीच्याच गळ्यात पडली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाजूला घेतल्यावर रंजना भडाभडा बोलली, “निकिताची जिरवायलाच वैष्णवीच्या भावाचं स्थळ पत्करलंय मी. मग वैष्णवी कायमची माझ्याजवळ!” “आणि ती सासरी गेली की?” बाईंनी विचारलं. रंजनानं कपाळावर हात मारला. “मुलीवर जीव जडणं हा रोग नाही, बाळ,” बाई म्हणाल्या, “सावकाश उमजेल. बोलावंसं वाटलं की ये.” संध्याकाळी निकिता डबलसीट दिसली, पोटात पेटलंच, पण लाज वाटली नाही. रंजना उंबऱ्यातूनच ओरडली, “आई, आबा, वैष्णवीच्या भावाला नकार कळवा. मी तिच्यासाठी व्हय म्हणलं, त्याच्यासाठी न्हाय!”