तोच उतार

तरुणपणी उतारावर ट्रकचे ब्रेक फेल होऊन शेजारी बसलेला धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून म्हाताऱ्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ट्रक शेडमध्ये गंजत पडला होता. मेकॅनिक लेकीनं हट्टानं तो खोलला, मास्टर सिलिंडरपासून लायनरपर्यंत ब्रेक नव्यानं बांधले आणि आज चाचणीला तोच उतार निवडला. "दुसरा रस्ता नव्हता का?" तो करवादला. "बाबा, इथं ट्रक थांबला तरच तुमचा विश्वास बसेल," म्हणत ती एकटीच ट्रक वर घेऊन गेली. खाली वळणापाशी तो बसला, उठला, येरझाऱ्या घालू लागला. ट्रक सुसाट उतरू लागला, तसा त्याचा उजवा पाय आपोआप मातीत रुतला. वळणाच्या बऱ्याच अलीकडे ट्रक मुकाट थांबला. त्यानं ट्रकपाशी जाऊन दार उघडलं. "सरक पलीकडे," तो लेकीला म्हणाला, "मी चालवतो."