पाय की चाकं

“जे पाऊल उचलतं, ते चालतं,” आई म्हणायची. म्हणून बहीणभावांचा लढाऊ रोबो चालायला लागला तेव्हा बेगायिमनं, पहिली पावलं टाकणाऱ्या बाळाच्या पायांत बांधून कापायची किरगिझ रीत आहे तशी, त्याच्याही पायांतली काळीपांढरी दोरी कापली होती. बिश्केकच्या पंचांनी त्याला ‘चालणारा’ ठरवून जास्तीच्या वजनाची सूट दिली. आज आंतरराष्ट्रीय फेरीत पाहुणे पंच म्हणाले, “पाय मोटरीवर गोल फिरतात. आमच्या नियमात ही चाकंच. वजन उतरवा, नाहीतर घरी न्या.” वजन उतरवायचं तर रोबोचा हातोडाच काढावा लागणार, मग त्यानं लढायचं कशानं? बेगायिम गोंधळून कधी पायांकडे, कधी पंचांकडे बघत राहिली. “एल्दोस, कालपर्यंत पाय होते ना रे? आज चाकं कशी झाली?” धाकटा भाऊ पाना पुसत बसला. “बोल की, दगडा!” “ताई, मला ती पहिल्यापासून चाकंच वाटायची. पण तो चालला आणि आई गेल्यावर तू पहिल्यांदा हसलीस. कसं सांगणार?”