नऊ नंबरची वायर

वायर खांबाकडे जात नव्हती.

सुधाकरराव पक्कड घेऊन आपल्याच खिडकीखाली उभे होते. फोनची काळी वायर क्वार्टरमधून निघाली होती, भिंतीला धरून थोडी चालली होती, आणि मग खांबाला पाठ दाखवून होस्टेलच्या दिशेनं वळली होती. दोन महिने त्यांचा फोन सदा एंगेज लागत होता. काऊन, ते आज कळलं.

रविवार, सकाळचे साडेदहा.

अकराच्या आत पांढरकवड्याहून मारोतरावांचा फोन येणार होता. त्यांच्या मुलानं सुधाकररावांच्या लेकीला, जयवंताला, पाहून पसंत केलं होतं. पण मारोतरावांचं पत्र आलं होतं ते असं: 'तुमचा फोन कधीही लावा, एंगेज. लेकीसाठी आणखी कुठं बोलणी चालू असतील तर तसं कळवावं. रविवारी अकरापर्यंत लावून पाहू. लागला तर तारीख धरू. नाही तर किनवटची मुलगी पाहायला निघू.'

जयवंताला स्थळाबद्दल विचारायचं राहिलं होतं. ते काय, नंतरही विचारता आलं असतं.

होस्टेलची भिंत.

कपडे वाळवायची तार. वायर तिला वेढे देत गेली होती. वर कोणाची तरी ओली बनियन. सुधाकरराव वाकून खालून गेले. गुडीहत्नूर रस्त्यावरच्या या पॉलिटेक्निकात ते सात वर्षं वॉर्डन होते. एक चोर हातून सुटला नव्हता.

पायरी. व्हरांडा. नऊ नंबर.

आत खुशाल कॉम्प्युटरसमोर बसला होता, फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावून. भैंसा गावाकडच्या एका कापूसवाल्याचा मुलगा, शेवटच्या वर्षाचा. कॉलेजची इंटरनेटची खोली आठवड्यातून एकदा उघडे, म्हणून सहा पोरांनी मिळून नांदेडहून जुना कॉम्प्युटर आणला होता. टायपिंगसाठी, असं सांगून परवानगीच्या अर्जावर वॉर्डनची सही घेतली होती.

"सर, एक मिनट ऐका ना जी."

"ऐकाले नाही आलो. कापाले आलो."

वायर ताणलेली होती. पक्कड मिटली तशी तिची दोन्ही टोकं दोन बाजूंना सरकली. सुधाकररावांना फार बरं वाटलं.

खुशाल जागचा हलला नाही. "आता तुमचा बी फोन गेला, सर."

सुधाकरराव हसले. "माझी लाइन लाइनमननं जोडली, दिवाळीच्या सुट्टीत. तीन अर्ज केले होते मी. अर्ज लिहावा तर असा."

"लाइनमन कुठं आला सर? वादळात तुटलेली वायर अजून खांबावर लोंबून राह्यली. सुट्टीत आमीच नवी ओढली. खांबापासून या मागच्या खिडकीत, अन् इथून तुमच्याकडं. एंगेज लागे तो आमच्यापायी, हे खरं. पण आमी नसतो तर एंगेज बी लागला नसता."

क्वार्टरच्या खिडकीतून जयवंताचा आवाज आला. "बाबा, फोन डेड झाला."

सुधाकररावांनी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी.

त्यांनी पक्कड खुशालकडे दिली. खुशालनं आधी कॉम्प्युटरची पिन उपसली, मग वायरीची साल काढली. आत दोन तारा. म्हणजे चार टोकं. ओढूनताणून ती एकमेकांना जेमतेम टेकत होती. पीळ बसत नव्हता.

"धरून बसा लागते," खुशाल म्हणाला. "एक जोड मी, एक तुमी. बेल आली की झटका बसते. एकट्याच्या हातून सुटून जाईन."

"किती येळ धरायचं?"

"कोणी फोन उचलेपर्यंत."

सुधाकरराव खाली बसले. वॉर्डन आणि विद्यार्थी, समोरासमोर, चिमटीत तांबं. पाहुण्यांना सांगायचं वाक्य त्यांनी आठवडाभर घोकलं होतं. त्या वाक्यात 'आपल्या पायाशी' होतं, 'सोन्यासारखं घर' होतं, होकार होता. ते त्यांनी मनात एकदा म्हणून घेतलं.

मग झटका आला. आधी कोपरात, मग कानाला. क्वार्टरमध्ये फोन वाजत होता.

ते उठायला गेले. तार हलली, बेल तुटली. खुशालनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते पुन्हा बसले, तार पुन्हा टेकवली. बेल पुन्हा सुरू.

"बाबा, वाजून राह्यला. या ना लवकर."

"मले येता येत नाही. तू उचल."

"मी?" जयवंतानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पाहुण्यांशी बोलणं हे तिच्या घरात कधी बाईचं काम नव्हतं. "मी काय सांगू त्यायले?"

वाक्य तयार होतं. ओरडून सांगता आलं असतं. सुधाकररावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरा झटका बसला आणि दात दातांवर आपटले. तो ओसरला तेव्हा त्यांनी दारातून क्वार्टरच्या खिडकीकडे पाहिलं. लेक थांबली होती. पत्र आल्यापासून आज पहिल्यांदा तिनं काही विचारलं होतं.

"तुले काय वाटते ते सांग," ते म्हणाले.

बेल थांबली. झटकाही थांबला. तार त्यांच्या बोटांत गपगार पडली. तिच्यातून त्यांची मुलगी पांढरकवड्याशी बोलत होती, आणि एक अक्षर त्यांना ऐकू येत नव्हतं.

खुशालनं हात पुढे केला. "आता करंट नाही, सर. दोन्ही जोड मी धरतो. तुमी जा, बोला."

सुधाकररावांनी मांडी नीट घातली.

"नाही," ते म्हणाले. "बोलू दे तिले."