चांदीची मॅगपाय

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिलच्या संग्रहात चांदीच्या नाण्यांवरचे पक्षी होते: कूकाबुरा होता, काकाकुवा होता, एमूसुद्धा होता. राहिली होती फक्त काळीपांढरी मॅगपाय. दुकानातलं तिचं शेवटचं नाणं त्याने मागवलं खरं, पण पार्सल काही येईना. रोज सकाळी फाटकावर येणाऱ्या खऱ्याखुऱ्या मॅगपायला खिमा भरवता भरवता तो पोस्टमनला शिव्या घालायचा. शेवटी त्याने पोस्टात फोन लावला.

"अरे बाबा नेव्हिल, तुझी ती मॅगपाय आमच्या पोस्टमनचं टकुरं फोडते! फाटकापाशी फिरकूच देत नाही. पार्सल कधीच माघारी गेलं."

दुकानदाराने तर ते नाणं दुसऱ्याला विकूनही टाकलं होतं.

 

बायको डॉट म्हणाली, "रोज हाताने घास भरवतोस तिला. मग ती कशाला घरात सवत येऊ देईल?"